पांढऱ्या कापडावरची रेघ

गोधडी आपल्या घरोघरी आहे. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची. कडेपासून धावदोरा घालायचा आणि फिरत फिरत मधोमध यायचे. अशा गोधडीला कुणी रेघ आखत नाही. पहिल्या ओळीशेजारी दुसरी ओळ येते. बोट हेच माप आणि नजर हीच पट्टी.

पण आता पुष्कळ बाया विकण्यासाठी शिवतात. बाळाचे दुपटे असते, पांढरी गोधडी असते. गिऱ्हाइकाला त्यावर कमळ हवे, वेल हवी, शंकरपाळ्यांची नक्षी हवी. ती नुसत्या नजरेने येत नाही. आधी आखावी लागते.

आमच्या पाहण्यातल्या एका बाईंनी असे पांढरे दुपटे शिवले. दहा दिवस त्या खपल्या. टाके कसे, मोत्यासारखे! पण नक्षी पेन्सिलीने दाबून आखली होती. दुपटे दोनदा धुतले, तरी टाक्यांच्या कडेने करडी रेघ दिसतच राहिली. गिऱ्हाइकाने निम्मेच पैसे दिले. टाक्याला कुणी नाव ठेवले नाही. रेघेने मजुरी खाल्ली.

पेन्सिलीची रेघ का जात नाही?

पेन्सिलीत शिसे असते असे आपण म्हणतो. खरे पाहता त्यात शिसे नसते. ग्राफाइट नावाचा काळा पदार्थ आणि माती यांची ती कांडी असते. ग्राफाइट पाण्यात विरघळत नाही. साबणाच्या पाण्यातही विरघळत नाही. त्याचे बारीक कण सुतात अडकून बसतात. चोळले की आणखी आत जातात. बॉलपेनची शाई तर तेलकट. तो कापडावर आखायला हाती घेऊच नये.

मग आखावे कशाने?

पहिली रीत रंगाशिवाय आखण्याची. सरळ रेघा हव्या असतील तर कापडावर पट्टी धरावी. नखाने किंवा जाड, बोथट सुईच्या पाठीने दाबून ओढावे. कापडावर वळ उठतो. त्या वळावर टाके घालावेत. वळ लवकर मोडतो, म्हणून एका वेळी हातभरच आखावे. धुतल्यावर त्याचा मागमूस राहत नाही.

दुसरी रीत कच्च्या दोऱ्याची. नक्षीवर लांब लांब टाचे घालावेत. पक्के टाके झाले की टाचे उसवावेत. दोरा मात्र पांढराच घ्यावा. रंगीत दोऱ्याचा रंग उतरला, तर एक डाग टाळायला जाऊन दुसरा पदरात पडतो.

तिसरी रीत कागदाची. फूल, वेल यांना ही चांगली. पतंगाचा पातळ पांढरा कागद घ्यावा. नक्षीवर तो ठेवून रेघेरेघेने बिनदोऱ्याच्या सुईने भोके पाडावीत. मग कागद दुपट्यावर टाचावा आणि भोकांच्या माागावर कागदासकट टाके घालावेत. शेवटी कागद हलक्या हाताने फाडून काढावा. कापडावर रेघ उमटतच नाही. पण या कागदावर पेन्सिलीने काढू नये. सुईबरोबर काळे कण आत जातात.

चौथी रीत धुऊन जाणाऱ्या रंगाची. लखनौचे कारागीर चिकनकाम करतात. ते आधी लाकडी ठशाने कापडावर नक्षी छापतात. छापायचा रंग मुद्दाम कच्चा ठेवतात. नीळ आणि डिंक मिसळून तो करतात. भरतकाम झाले की कापड धुतात. छाप जातो, काम उरते. या चिकनकामाला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

पाण्याने जाणारा निळा पेनही दुकानात मिळतो. तो चालतो, पण त्याचा एक नियम आहे. टाके झाल्यावर दुपटे आधी नुसत्या गार पाण्यात बुडवावे. निळे पुरते गेले की मगच साबण लावावा. घाई करून इस्त्री फिरवली किंवा सोड्याच्या पाण्यात घातले, तर रेघ पक्की बसू शकते. उन्हात तापलेल्या ठिकाणीही आखलेले कापड ठेवू नये.

आधी चिंधी, मग कापड

कोणतीही रीत घ्या, आधी त्याच कापडाच्या चिंधीवर आखून बघा. रात्रभर तशीच ठेवा. सकाळी धुवा, वाळवा आणि उजेडात धरून पाहा. रेघ गेली तरच पुढे जा. चिंधीला एक दिवस लागतो. बिघडलेल्या दुपट्याला दहा दिवसांची मजुरी लागते. हिशेब आपणच करावा.

नवे कापड शिवण्याआधी धुऊन घ्यावे. खळ निघते आणि आटायचे ते आधीच आटते. हातही धुवावेत. हळदीचे बोट पांढऱ्यावर लागले आणि त्यावर साबण पडला, की डाग तांबडा होतो, हे सर्वांना ठाऊक आहेच.

ध्यानात ठेवा

१. पेन्सिल आणि बॉलपेन पांढऱ्या कापडापासून दूर.
२. आधी चिंधीवर, मग कापडावर.
३. आधी गार पाणी, मग साबण, शेवटी इस्त्री.

प्रश्न

१. पेन्सिलीची रेघ धुऊन का जात नाही?
२. सरळ रेघेसाठी कोणती रीत सोपी? वेलीसाठी कोणती?
३. आपल्या घरच्या गोधडीतल्या दोन ओळींत किती बोटे अंतर आहे? मोजा आणि वहीत लिहा.