दोन पावसाळे काढलेल्याला विचारा

"समुद्राच्या हवेने बोर्डाला गंज. वॉरंटीत बसत नाही." एवढं जॉबशीटवर लिहून कंपनीच्या सर्व्हिसवाल्या मुलाने सहीसाठी पेन पुढे केलं. मी सही केली नाही. तो म्हणाला, "काका, सही नाही केली तरी कॉल क्लोज होणारच आहे." आणि तसंच झालं. तो फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच मोबाइलवर मेसेज आला : आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.

आम्ही अलिबागजवळच्या नागावला राहतो. समुद्र वाडीच्या पलीकडे आहे, हे कंपनीला नव्याने कळलं नव्हतं. बिलावर हाच पत्ता होता. होम थिएटरचा रिसीव्हर जोडून, माइक लावून आवाज जुळवून देणारा माणूस त्यांचाच होता आणि इथेच येऊन गेला होता. 'एवढ्या खाऱ्या हवेत आमची वॉरंटी चालणार नाही,' असं त्याने सांगितलं नाही, दुकानदाराने सांगितलं नाही, वॉरंटी कार्डावरही तसा शब्द नव्हता. माल विकताना समुद्र आड येत नाही. दुरुस्तीची वेळ आली की येतो.

बिघाड काय होता तेही सांगतो, कारण तुमच्याकडेही असाच सुरू होईल. श्रावणात चित्र तुटायला लागलं. आधी पडदा क्षणभर काळा व्हायचा. मग आवाज यायचा पण चित्र नाही. शेवटी एचडीएमआयच्या एकाही खाचेतून काहीच येईना. मात्र ऑप्टिकल वायर लावली की आवाज स्वच्छ, रेडिओ स्वच्छ, पाचही स्पीकर आणि सब-वूफर ठणठणीत. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर शाबूत, एचडीएमआयचा बोर्ड गेलेला. हे निदान मी पहिल्याच फोनला सांगितलं. उत्तर मिळालं, केबल काढून परत लावा. पुढच्या प्रत्येक फोनला नवा आवाज, नवा तक्रार क्रमांक आणि तीच केबल. मध्येच कुणीही न येता 'निवारण झाले'चे मेसेज यायचे. वॉरंटी दिवाळीला संपत होती आणि ती तारीख माझ्यापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात होती, असं माझं आजही ठाम मत आहे.

तो मुलगा गेल्यावर रात्री मी जॉबशीटसोबत आलेला फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. गंज होता, खराच होता. पण कशावर? मागच्या पत्र्यावरच्या एका स्क्रूच्या डोक्यावर. स्पीकरच्या वायरी जिथे जोडतात त्याच्या शेजारी, पूर्ण बाहेरच्या बाजूला. बोर्ड त्या फोटोत नव्हताच. मी उठलो, टॉर्च घेतला, रिसीव्हर कपाटातून ओढून फिरवला. झाकणाच्या स्क्रूवर कंपनीचं कागदी सील असतं, झाकण उघडलं की फाटणारं. ते जसंच्या तसं होतं. एक कोपरासुद्धा उचललेला नव्हता.

म्हणजे झाकण उघडलंच नव्हतं. न उघडलेल्या यंत्रातल्या बोर्डावर गंज आहे, असं एका माणसाने सहीनिशी लिहून दिलं होतं, आणि ते खोटं पाडायचं काम आता माझ्यावर होतं. बायको म्हणाली, झोपा आता, सकाळी बघू. मला झोप आली नाही. पैशाचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त हे लागलं की किनाऱ्यावरचा माणूस हे निमूटपणे मानेल, याची त्यांना खात्री होती. इथे फ्रिजच्या तळापासून खिडकीच्या गजापर्यंत सगळं गंजतं. त्यामुळे 'गंज' म्हटलं की आपणच मान डोलावतो. त्यांचं अर्धं काम आपली मान करते.

सकाळी त्या सीलचे फोटो काढले, वर्तमानपत्राची तारीख दिसेल असा व्हिडिओ केला. बिल, जॉबशीट, सगळे मेसेज आणि त्यांचाच तो स्क्रूचा फोटो जोडून ईमेल केला. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस. त्यानंतर जे फोन आले त्यातला आदर मला पहिल्या फोनापासून मिळायला हवा होता. गाडी पाठवून यंत्र नेलं, बोर्ड बदलला, एक रुपया घेतला नाही. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, 'विशेष बाब म्हणून ही दुरुस्ती मोफत करून देण्यात येत आहे.' विशेष बाब! वॉरंटीतलं यंत्र वॉरंटीत दुरुस्त करणं ही विशेष बाब कधीपासून झाली? बोर्डावर गंज होता की नव्हता, याबद्दल त्या पत्रात एक अक्षर नाही. 'विशेष बाब' हे दोन शब्द मला अजून टोचतात.

आता ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे मला विचारतात, कुठला रिसीव्हर घेऊ? माझं उत्तर एकच. कुठला ते नंतर ठरवा, आधी कुणाला विचारायचं ते ठरवा.

घेण्यापूर्वी मीही मालकांची मतं भरपूर गोळा केली होती. कोथरूडचा मित्र, ठाण्याचे साडू, बंगळूरचा भाचा. सगळ्यांनी एकमुखाने कौतुक केलं : बास किती खोल, डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये पाऊस डोक्यावर पडल्यासारखा वाटतो, संवाद किती स्पष्ट. त्यात खोटं काही नव्हतं. पण ही सगळी मतं यंत्र घेतल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातली आणि एसी लावलेल्या बंद फ्लॅटमधली होती. त्यांच्यापैकी कुणाचंही यंत्र कधी दुरुस्तीला गेलं नव्हतं. रिसीव्हरचा आवाज पहिल्या संध्याकाळी कळतो. रिसीव्हर कसा आहे हे मात्र तो बंद पडल्यावर, कंपनी फोनवर काय बोलते त्यावरून कळतं.

आणि हा प्रश्न आपल्यापुरता नाही. २०२० च्या शेवटी डेनॉन, मरांट्झ, यामाहा यांच्या नव्या रिसीव्हरमधली एचडीएमआय २.१ ची चिप नव्या एक्सबॉक्सचं फोर-के १२० हर्ट्झचं चित्र नीट पुढे पाठवत नव्हती. डब्यावर मात्र ती सोय छापलेली होती. जगभरच्या मालकांनी आणि मासिकांनी बोभाटा केला, तेव्हा कुणी मोफत जोडपेटी दिली, कुणी बोर्ड बदलून दिले. ऑन्कियोच्या काही जुन्या मॉडेलांचे बोर्ड असेच जायचे. त्यांनी वॉरंटी उलटून गेल्यावरही काही वर्षं मोफत दुरुस्ती केली. तीच ऑन्कियो मे २०२२ मध्ये जपानमध्ये दिवाळखोरीत गेली, आणि तो ब्रँड त्याआधीच दुसऱ्यांच्या हाती गेला होता. म्हणून नावावर भाळू नका. यंदा ज्याची सर्व्हिस चांगली, त्याची तीन वर्षांनी तशीच असेल याची हमी कुणी देत नाही.

तर विचारा ते अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या माणसाला, आणि तेही ज्याच्या यंत्राने दोन पावसाळे काढलेत अशाला. प्रश्न असे विचारा. बिघडलं का? तक्रार केल्यापासून माणूस किती दिवसांनी आला? पनवेलहून आला की मुंबईहून, आणि येण्याचे पैसे मागितले का? सुटा भाग मिळाला का? 'घरपोच सेवा' ही अनेकदा महापालिकेच्या हद्दीपुरती असते. नाहीतर दहा किलोचं धूड तुम्हालाच मांडव्याहून रो-रोने मुंबईला न्यावं लागतं. ही अट विकत घेण्यापूर्वी लेखी मागा. तोंडी 'हो हो, सगळीकडे सर्व्हिस आहे' याला काही किंमत नाही.

बिल पक्कं घ्या. लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारा बाहेरून आणलेला माल भारतातल्या वॉरंटीत नसतो, आणि अमेरिकेतला असेल तर तो १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावलात तर त्याच दिवशी संपला.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. एकाच यंत्रावर जाहिरातीत १४५ वॉट आणि आतल्या कागदावर ८० वॉट असू शकतं. मोठा आकडा एकच चॅनेल चालवून, आवाजात विकृती चालवून घेऊन मोजलेला असतो. दोन चॅनेल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ८ ओहम, या ओळीपुढचा आकडा खरा धरा.

आता खाऱ्या हवेचं. गंज हे त्यांचं निमित्त होतं, पण शत्रू म्हणून तो खराच आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून घेतं आणि त्याची धूळ ओली होऊन वीज वाहू लागते. आपल्याकडे पावसाळाभर त्याहून जास्तच असते. यंत्र चालू असलं की आत ऊब राहते आणि ओल बसत नाही. म्हणून पावसाळ्यात रोज तासभर तरी लावा, काही बघायचं नसलं तरी. ज्या मुंबईकरांची इथली घरं जून ते सप्टेंबर बंद असतात, त्यांनी यंत्र सोबत न्यावं किंवा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावं. प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. खारं वारं नको म्हणून काचेच्या कपाटात कोंडूही नका, गरमीने जाईल. वर वीतभर जागा मोकळी हवी. आणि वरच्या झरोक्यांतून पाल आत शिरते, ते बघा.

स्पीकरच्या वायरी अस्सल तांब्याच्याच घ्या. वरून तांबं आणि आत अ‍ॅल्युमिनियम अशा स्वस्त वायरींच्या उघड्या टोकाला इथे पांढरी भुकटी धरते, जोड सुटतो आणि आवाज तुटू लागतो. लोक यंत्राला दोष देतात.

विजेबाबत. २३० मध्ये ६ टक्के वर-खाली नियमात बसतं, त्याने काही होत नाही. घात करतं ते न्यूट्रल तुटणं. खांबावर न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या आसपास व्होल्टेज येऊ शकतं. एमसीबी त्याला थांबवत नाही. व्होल्टेज वाढल्याबरोबर वीज तोडणारं साधन वायरमनकडून बसवून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने खांब आडवे केले होते. अशा वेळी लाइट परत येते तेव्हा सगळ्यात जास्त जपायचं असतं. पहिला अर्धा तास प्लग काढलेलाच ठेवा.

वीज कडाडू लागली की नुसता प्लग काढून भागत नाही. चौलच्या एका नातेवाइकांनी प्लग काढला होता, तरी रिसीव्हर गेला. धक्का केबलच्या वायरीतून सेट-टॉप बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयने आत आला. केबलची, इंटरनेटची, अँटेनाची, सगळ्या वायरी काढा.

आणि शेवटचं, मी ज्याची किंमत मोजली ते. कारागीर आला की आधी सीलचा फोटो काढा. झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा. गंज म्हणाला तर 'बोट ठेवून दाखव' म्हणा आणि त्या जागेचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये घ्या. पटलं नाही तर सही करू नका, किंवा 'मान्य नाही' असं लिहून खाली सही करा. पहिली तक्रार ईमेलने करा, म्हणजे वॉरंटी संपण्याआधीची तारीख हातात राहते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. आपल्याला ती अलिबागच्या जिल्हा आयोगातच करता येते, कंपनीचं ऑफिस दिल्लीत असलं तरी. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. बहुतेकांना तिथवर जावंच लागत नाही, नोटिशीतच काम होतं. पण नोटीस पाठवावी लागते.

आणि तुमचं यंत्र दुरुस्त झालं की गप्प बसू नका. शेजारच्या गावात कुणी विचारलं तर आवाजाचं कौतुक करा, पण जॉबशीटही दाखवा. मी माझी दाखवतो, त्या स्क्रूच्या फोटोसकट.