सुई आधी की भाकर आधी?

समुद्रपूरकडे कापूस वेचायचे दिवस आले की सकाळी घरोघरी घाई असते. चूल पेटते, शिदोरी बांधली जाते, बाया वावराकडे निघतात. अशा घाईत साखरेच्या आजाराच्या माणसाने सुई कधी घ्यावी आणि भाकर कधी खावी, ते या धड्यात पाहू.

या आजाराला मधुमेह म्हणतात. आपण भाकर खातो, भात खातो. पोटात त्याची साखर होते व ती रक्तात जाते. ही साखर अंगाच्या कामी यायला एक रस लागतो. त्याचे नाव इन्शुलिन. तो आपल्या अंगातच तयार होतो. तो कमी पडला की साखर रक्तात साचते. पुष्कळांना गोळ्या पुरतात. काहींना मात्र इन्शुलिनची सुई घ्यावी लागते.

पूर्वी हा उपाय नव्हता. ज्या पोरांच्या अंगात हा रस होतच नसे, ती वाळून वाळून मरत. १९२१ साली कॅनडा देशात टोरांटो शहरी बँटिंग आणि बेस्ट यांनी जनावराच्या अंगातून हा रस काढला. जानेवारी १९२२ मध्ये तो लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला टोचला. मुलगा मरायला टेकला होता. तो पुढे १३ वर्षे जगला.

पण ही काही ताकदीची सुई नव्हे, बरे का! ही सुई साखर खाली आणते. मागून जेवण आलेच नाही, तर साखर फार खाली जाते.

समजा, एक शेतकरी आहे. त्याला दोन वेळा सुई आहे. सुईनंतर अर्ध्या तासाने जेवा, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. सकाळी ७ वाजता त्याने सुई घेतली. तेवढ्यात वेचणाऱ्या बाया दारात आल्या. "वावरात खाईन," असे म्हणून तो निघाला. तिथे कापसाची गाठोडी, वजनकाटा, मजुरांचा हिशेब. १० वाजले. शिदोरी बाभळीला तशीच टांगलेली. त्याचे हात थरथरू लागले. थंडीचे दिवस असून सदरा घामाने भिजला. छाती धडधडू लागली. मग तो भलतेच बोलू लागला, बायकोवर खेकसला. लोक म्हणाले, "काहून जी, सकाळीच घेतली काय?"

त्याने दारू घेतली नव्हती. त्याची साखर उतरली होती. आम्हाला याचीच फार काळजी वाटते. दारू प्याला समजून लोक बाजूला होतात आणि वेळ निघून जाते.

अशा वेळी चहाचे ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजावी. साखर नसेल तर गूळ द्यावा. १५ मिनिटे थांबावे. बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी. बरे वाटले की शिदोरी सोडावी व त्याला जेवू घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नये, पाणीसुद्धा नाही. त्याला कुशीवर निजवावे आणि १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. सुई घेणाऱ्याने खिशात साखरेची पुडी ठेवावी, आणि सोबतच्या माणसांना आपला आजार सांगून ठेवावा. त्यात लाज कसली?

आता पुढे काय होते पाहा. दुसऱ्या दिवशी तो माणूस म्हणतो, "नको बाप्पा ती सुई!" सुई चुकते. साखर चढते. तहान भागत नाही, लघवीला सारखे जावे लागते. मग घाबरून तो संध्याकाळी दुप्पट सुई घेतो, आणि रात्री साखर पुन्हा उतरते. यात्रेतला पाळणा असाच वर-खाली होतो. पाळण्यात मौज आहे, यात नाही. सुई किती घ्यायची ते डॉक्टरांनी ठरवावे. आपण मनाने कमी-जास्त करू नये. ओकाऱ्या होऊन अन्न जात नसेल तरीही सुई आपल्या मनाने बंद करू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सगळ्या सुया सारख्या नसतात. काही अर्धा तास आधी घ्यायच्या, काही नव्या सुया पान वाढल्यावर. आपली कोणती, ते विचारून घ्यावे. लग्नाला गेलात तर पंगत केव्हा बसेल ते आधी पाहावे. आपल्याकडे १२ ची पंगत २ वाजता बसते! निंदण, वेचणी अशा कष्टाच्या दिवशी साखर जास्त उतरते, कधी रात्री झोपेतही. उपवास धरण्याआधीही डॉक्टरांना विचारावे. आणि जवारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे मानू नका. तिनेही वाढते. रोज भाकर सारखीच खावी.

आता आपल्याला आकडे वाचता येतात. इन्शुलिनच्या बाटलीवर ४० किंवा १०० असा आकडा असतो. सुईच्या नळीवरही असतो. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. १०० च्या बाटलीतले औषध ४० च्या नळीने घेतले, तर ते अडीचपट जाते. दुकानदाराने दिले तरी आपण वाचून घ्यावे.

उन्हाळ्यात बाटली तापू देऊ नये. घरी फ्रिज नसेल तर बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घालावी व तो डबा ओल्या वाळूच्या माठात ठेवावा. बर्फात ठेवू नये.

एक वही करावी. तिच्यात रोज लिहावे:

सकाळी ७, सुई. साडेसात, २ भाकरी, वरण. ११ वाजता हात थरथरले, साखर खाल्ली. आज वेचणी होती.

समुद्रपूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात जाल तेव्हा ही वही सोबत न्यावी, आणि डॉक्टर विचारतील तेव्हा आपणच वाचून दाखवावी.