चंद्रावर ग्रीस कोण भरणार?

२३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर चंद्रावर उतरला तेव्हा टाळ्या पडल्या त्या रॉकेटला, इंजिनाला आणि सॉफ्टवेअरला. प्रज्ञानच्या चाकांबद्दल फारसं कुणी बोललं नाही. खरं तर आपल्या मेकॅनिकलवाल्यांचा विषय तोच!

प्रज्ञान २६ किलोचा. सहा चाकं, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर, आणि वेग सेकंदाला फक्त १ सेंटीमीटर. हसू नका, गणित करून बघा. समजा चाकाचा व्यास २० सेंटीमीटर आहे, म्हणजे परीघ जवळजवळ ६३. या वेगाने चाकाचा एक फेरा व्हायला मिनिटभर लागणार. छोटी डीसी मोटर मात्र ३००० आरपीएमच्या आसपासच खुशीत चालते. म्हणजे रिडक्शन साधारण ३००० ला १. प्लॅनेटरी गिअरचा एक टप्पा ५ ला १ धरला तर असे पाच टप्पे हवेत. प्रत्येकाची एफिशियन्सी ९५ टक्के धरली तरी शेवटी हातात राहतात ७७ टक्के. आणि ही वीज येते कुठून, तर पाठीवरच्या ५० वॅटच्या सोलर पॅनेलमधून.

इथपर्यंतचं सगळं मशीन डिझाइनच्या पुस्तकात सापडतं. पुढचं मात्र सापडत नाही.

आपल्या परभणीकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घातलं नाही तर गाडी कुरकुरते, पण चालते. कारण हवेत धातूवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, घासून गेला तरी लगेच पुन्हा तयार होतो. निर्वातात तो पुन्हा तयार होत नाही. मग धातूला धातू चिकटतो, वेल्डिंग न करताच वेल्ड! बरं, साधं तेल घालावं तर ते उडून जातं आणि जाऊन कॅमेऱ्याच्या भिंगावर बसतं. ग्रॅफाइट? ते निसरडं असतं ते हवेतल्या ओलाव्यामुळे, म्हणून निर्वातात तेही निकामी. तिथे कामाला येतं मोलिब्डेनम डायसल्फाइड. याची तऱ्हा बरोबर उलटी आहे. निर्वातात उत्तम, दमट हवेत लवकर झिजणारं. म्हणजे पृथ्वीवर जितक्या टेस्ट घ्याल तितकं त्याचं आयुष्य इथेच खर्च होणार. मला तर ही या विषयातली सर्वात अवघड गोष्ट वाटते.

गॅलिलिओ यानाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९८९ मध्ये सुटलेल्या या यानाचा छत्रीसारखा मोठा अँटेना एप्रिल १९९१ मध्ये उघडायचा होता, तो पूर्ण उघडलाच नाही. चौकशीत दिसलं की कॅलिफोर्निया ते फ्लोरिडा अशा ट्रकच्या फेऱ्यांमध्ये धक्के बसून पिनांवरचा कोरड्या वंगणाचा थर घासला गेला असावा. अंतराळ राहिलं बाजूला, रस्त्यानेच घात केला.

अपोलो १५ च्या गाडीत (१९७१) यावर वेगळी युक्ती होती. प्रत्येक चाकात पाव हॉर्सपॉवरची मोटर आणि ८० ला १ चा हार्मोनिक ड्राइव्ह, तोही हवाबंद डब्यात, आत दाब राखून. हार्मोनिक ड्राइव्ह म्हणजे आत लवचिक दातेरी कडं, बाहेर कडक. आतल्याला १६० दाते आणि बाहेरच्याला १६२ असले तर १६० भागिले २, झालं ८०. पाच टप्प्यांचं बरंचसं काम एकाच डब्यात!

मग येते थंडी. मंगळावरच्या स्पिरिट रोव्हरचं पुढचं उजवं चाक २००४ मध्ये दुप्पट-तिप्पट करंट ओढू लागलं. इंजिनिअरांनी पृथ्वीवरून काय केलं? मोटर गरम केली आणि वंगण पुन्हा पसरावं म्हणून चाक मागेपुढे फिरवलं. थोडा फरक पडला, पण २००६ मध्ये ते चाक कायमचं थांबलं. स्पिरिट ते फरफटत उलटा चालत राहिला. त्या फरफटीने उकरलेल्या मातीत २००७ मध्ये जवळजवळ शुद्ध सिलिका सापडलं, म्हणजे कधीकाळच्या गरम पाण्याचा पुरावा. नशीब बघा!

प्रज्ञान १०० मीटरहून थोडं जास्त चालला आणि २ सप्टेंबर २०२३ ला झोपवला गेला. उणे २०० अंशांच्या जवळ जाणारी रात्र त्याच्या डिझाइनमध्ये धरलेलीच नव्हती. तो पुन्हा उठला नाही. मार्च २०२५ मध्ये मंजुरी मिळालेल्या चांद्रयान-५ चा रोव्हर मात्र सुमारे २५० किलोचा सांगितला आहे, जपानच्या साथीने. दहापट वजनाच्या गाडीचे गिअर, बेअरिंग, सील आणि वंगण हे सगळं नव्याने विचार करण्यासारखं आहे. रॉकेटचे मोटर केसिंग वालचंदनगरला आणि विकास इंजिन विक्रोळीला बनतं, तर हे छोटे गिअर महाराष्ट्रात का बनू नयेत?

फायनल इयरला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी एक स्वस्तातली कल्पना. गिअर असलेली एक छोटी डीसी मोटर घ्या, खोलीच्या तापमानाला तिचा सुरुवातीचा करंट मोजा. मग रात्रभर आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर पुन्हा मोजा. नंतर ग्रीस धुऊन काढून, कोरडी ठेवून तेच करा. मल्टिमीटर लॅबमधून मिळेल, आइस्क्रीमवाल्याला मात्र तुम्हीच पटवा.