आवळलेला पट्टा आणि तरुण खेळाडू

गेल्या वर्षी आमच्या कबड्डी संघातील एका मित्राचा गुडघा दुखावला. जड वजने उचलण्यास मनाई झाली, तेव्हा पुण्यातल्याच एका तालमीत त्याने मांडीला सायकलची ट्यूब करकचून बांधून बैठका मारल्या. पाय निळसर पडून बधिर झाला. आम्ही घाईने ट्यूब सोडली. तेव्हापासून मी या विषयाकडे वळलो.

मूळ कल्पना जपानची. १९६६ साली योशिआकी सातो यांना एका धार्मिक विधीत बराच वेळ गुडघे मोडून बसल्यावर, पोटऱ्या व्यायाम केल्यासारख्या भरून आलेल्या जाणवल्या. त्यातून ‘काआत्सू’ पद्धती निघाली. हवेच्या पट्ट्याने शिरांतून परतणारे रक्त अडते. धमनीतून येणारे मात्र काही अंशी चालू राहते. स्नायूंना प्राणवायू कमी पडतो, ते लवकर थकतात आणि कमाल वजनाच्या २० ते ३० टक्के भारानेही वाढतात. सांध्यावर ताण कमी, म्हणून दुखापतीनंतर ही पद्धती उपयोगी.

पण पट्टा रुंद हवा. रक्तप्रवाह पूर्ण थांबविणारा दाब आधी मोजून, त्याच्या साधारण ४० ते ८० टक्केच दाब द्यावयाचा असतो. ट्यूबचा दाब कोण मोजणार? रक्ताच्या गुठळ्यांचा पूर्वेतिहास असणाऱ्याने तर डॉक्टरांच्या सल्ल्याविना या वाटेला जाऊच नये.

तालमीत आपण बैठका मोजतो. येथे आधी दाब मोजावा. माझा मित्र आता तज्ज्ञाच्या देखरेखीखाली तेच करतो.