डोळ्यातील अंधबिंदू

मुलांनो, कोऱ्या कागदावर एक फुली काढा व तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटरांवर एक ठिपका द्या. डावा डोळा मिटून फुलीकडेच पाहत कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. सुमारे तीस सेंटिमीटरांवर ठिपका नाहीसा होतो!

दृष्टिपटलावर जेथून दृष्टीचा मज्जातंतू मेंदूकडे निघतो, तेथे प्रकाश जाणणाऱ्या पेशीच नसतात. हा ‘अंधबिंदू’ मारिऑत या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६६८ साली जगापुढे मांडला.

परंतु ठिपक्याच्या जागी भोक न दिसता कोरा कागदच का दिसला? मेंदूने भोवतालच्या रंगाने ती उणीव भरून काढली. डोळा केवळ वार्ता आणतो. तिचा अर्थ मेंदू लावतो, आणि त्याचा तर्क कधी चुकतोही. म्हणून डोळ्यांनी पाहिलेली गोष्टही विचाराने पडताळून घ्यावी.