‘अर्थ एकच की हो, मॅडम!’

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमधून ओतीव भाग परदेशात जातात. भागांबरोबर कागद जातात आणि ते इंग्रजीत असतात. हे कागद बाहेर पडण्याआधी वाचून द्यायचे, हे माझं काम. ओतकामातलं रिजेक्शन कसं आटोक्यात ठेवायचं हे इथल्या माणसांना मी काय सांगणार? पण पत्रातल्या दोन-तीन शब्दांपायी धडधाकट लॉट कसा अडकतो, ते मी जवळून पाहिलं आहे. क्वालिटीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला ते कळावं असं मला मनापासून वाटतं.

एका कारखान्याने पंप हाउसिंगचा लॉट युरोपात पाठवला होता. काही नगांच्या वरच्या कातडीवर बारीक पिनहोल दिसतात, तपासून कळवा, अशी कस्टमरची ईमेल आली. सूर अगदी मवाळ होता. क्वालिटीतल्या मुलाने उत्तराचा मसुदा केला. त्यात तक्रारीसाठी ‘अ‍ॅक्नॉलेज’ होतं, पिनहोलसाठी ‘प्रॉब्लेम’ होतं आणि पुढच्या कामासाठी ‘रिवर्क’. इंग्रजी शाळकरी, पण नेमकं. मग कुणीतरी म्हणालं, परदेशी पार्टी आहे, भाषा जरा वजनदार करा. समानार्थी शब्दांची यादी उघडली गेली. ‘अ‍ॅक्नॉलेज’चं ‘अ‍ॅडमिट’ झालं, ‘प्रॉब्लेम’चं ‘डिफेक्ट’ झालं, ‘रिवर्क’चं ‘रिपेअर’ झालं. पत्र गेलं.

उलट टपाली अख्ख्या लॉटची डेबिट नोट आली. सोबत वेल्डिंगच्या पद्धतीचे कागद कुठे आहेत अशी विचारणा, आणि ड्रॉइंगवर वेल्डिंगला मनाई आहे याची आठवण. कारखान्यात सगळे चक्रावले. वेल्डिंगचं नाव कुणी काढलं होतं? ते पत्र माझ्यापुढे आलं ते त्यानंतर. मी तीन शब्दांखाली रेघा ओढल्या, तेव्हा तो मुलगा कळवळून म्हणाला, “पण अर्थ एकच की हो, मॅडम! डिक्शनरीत शेजारी-शेजारी आहेत.”

शेजारी आहेत हे खरंच. पण ‘अ‍ॅक्नॉलेज’ म्हणजे तुमचं म्हणणं पोचलं, त्याची नोंद घेतली. ‘अ‍ॅडमिट’ म्हणजे चूक आमची, कबूल. नग अजून कुणी हातात घेऊन पाहिलेले नव्हते, आणि कबुली मात्र लेखी जाऊन बसली होती.

‘डिफेक्ट’ची गोष्ट आणखी बारीक आहे. आयएसओ ९००० हे गुणवत्तेच्या परिभाषेचं मानक. त्यात ‘नॉनकन्फॉर्मिटी’ म्हणजे ठरलेल्या अटीत न बसणं, मग ती अट कुठलीही असो. ‘डिफेक्ट’ म्हणजे वस्तू ज्या वापरासाठी आहे त्या वापराशी निगडित उणीव. हा फरक कायद्याच्या दृष्टीने, विशेषतः मालाच्या जबाबदारीच्या प्रश्नात, महत्त्वाचा आहे असं त्या मानकातच टीप देऊन बजावलं आहे. आपल्या बोलण्यात ‘माल डिफेक्टिव्ह निघाला’ हे सहज येतं. पण पत्रात तोच शब्द म्हणजे हा पंप वापरायला नालायक आहे असं आपण होऊन लिहून देणं. त्या लॉटमधले बहुतेक पिनहोल तर ड्रॉइंगच्या मर्यादेत होते. मशीनिंगसाठी ठेवलेल्या जादा जाडीबरोबर ते निघूनही गेले असते.

आणि ‘रिवर्क’? त्याच मानकाप्रमाणे रिवर्क म्हणजे नग पुन्हा मूळ अटीत बसेल असं काम करणं. रिपेअर म्हणजे तो वापरण्याजोगा करणं, मूळ अटीत बसो वा न बसो. फाउंड्रीच्या जगात कास्टिंग रिपेअर म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांपुढे वेल्डिंग येतं. कारखान्याला म्हणायचं होतं, वरची कातडी घासून देतो. कस्टमरने वाचलं, भोकं भरून देतो. त्याने मनाईची आठवण करून दिली, यात त्याचं काय चुकलं?

तो मुलगा हुशार आहे आणि त्याचा दोष मला फारच थोडा वाटतो. शाळेत समानार्थी शब्दांच्या जोड्या एक-एक गुणाला लावून घेतल्या जातात. एकाच्या जागी दुसरा चालतो हे तिथेच मनावर ठसतं. मराठीत मात्र आपण असं कधी करत नाही. जेवायला बसलेल्या पाहुण्याला आग्रह करतात, मूल हट्ट धरतं, आणि म्हातारा हेका सोडत नाही. यांची अदलाबदल करून पाहा, माणूस दुखावेल. हे कुणी शिकवलेलं नसतं, ऐकून-ऐकून अंगी आलेलं असतं. इंग्रजीतलं हे ऐकणं आपल्या वाट्याला कमी आलं, म्हणून तिथे डोळ्यांकडून काम घ्यावं लागतं.

एक जागा फार धोक्याची. मराठीत ‘नाकारणं’ हे एकच क्रियापद चार कामं करतं. इंग्रजीत आरोप खोटा म्हटला तर ‘डिनाय’, करायला साफ नकार दिला तर ‘रिफ्यूज’, नम्रपणे नको म्हटलं तर ‘डिक्लाइन’, आणि माल किंवा प्रस्ताव परत केला तर ‘रिजेक्ट’. कस्टमरने दर कमी मागितला आणि आपण ‘रिफ्यूज’ लिहिलं, तर दार आपटल्यासारखं वाटतं. तिथे ‘डिक्लाइन’ चालतं, आणि ‘या दरात आम्हाला परवडत नाही’ असं साध्या इंग्रजीत लिहिलं तर सगळ्यांत उत्तम. तसंच ‘यू क्लेम’. तुम्ही म्हणता ते आम्हाला पटलेलं नाही, असा वास त्याला येतो. ‘यू रिपोर्टेड’ लिहा.

आता यादीबद्दल. इंग्रजी समानार्थी शब्दांचा प्रसिद्ध संग्रह म्हणजे रॉजे यांचा थिसॉरस, तो १८५२ साली निघाला. त्याची रचना कल्पनांनुसार केलेली आहे. शब्द माहीत आहे पण ऐन वेळी ओठांवर येत नाही, अशा माणसाला तो फार उपयोगी. ज्याला तो शब्द आधीपासून माहीतच नाही, त्याने यादीतून उचलू नये. त्याने शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश उघडावा, आणि अर्थाखालची उदाहरणं वाचावीत. १९८७ साली आलेल्या कोबिल्ड या इंग्रजी शब्दकोशापासून असे कोश प्रत्यक्ष वापरातल्या मजकुराचे मोठे साठे चाळून बनू लागले. त्यामुळे शब्द कुणाच्या संगतीत राहतो ते तिथे दिसतं. ‘कॉज’ घ्या. त्याच्या सोबतीला बहुतेक नुकसान, उशीर, त्रास असलीच मंडळी सापडतात. म्हणून ‘नव्या गेटिंगने इम्प्रूव्हमेंट कॉज झाली’ हे व्याकरणात बसूनही इंग्रजी वाचणाऱ्याच्या कानाला खटकतं.

दुसरं, कामाच्या पत्रात तोच शब्द पुन्हा-पुन्हा आला तर येऊ द्या. निबंधात पुनरुक्ती टाळायची सवय इथे घातक आहे. वर ‘डिस्पॅच’ आणि खाली ‘डिलिव्हरी’ लिहिलंत, तर वाचणारा दोन वेगळ्या तारखा धरेल. शिवाय एफओबी किंवा सीआयएफ अटीवर माल न्हावाशेवाला जहाजावर चढला की डिलिव्हरी झाली असं धरतात. कस्टमरच्या दारात पोचणं ही निराळी गोष्ट. कोणत्या अर्थाने लिहिता ते ठरवा आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेवा.

‘शॅल’ आणि ‘शुड’ यांकडे तर मी आधी बघते. आयएसओच्या मानकांत ‘शॅल’ म्हणजे सक्तीची अट, ‘शुड’ म्हणजे शिफारस, ‘मे’ म्हणजे परवानगी. आपल्या डोक्यात तिन्ही ‘पाहिजे’च्या आसपास घोटाळतात. कस्टमरच्या अटींचा कागद आला की प्रत्येक ‘शॅल’वर खूण करा. शॉप फ्लोअरला जे पाळावंच लागणार आहे, ते तिथे आहे.

‘करेक्शन’ आणि ‘करेक्टिव्ह अ‍ॅक्शन’ यांचंही तेच. सापडलेले खराब नग बाजूला काढले, घासले, हे करेक्शन. वाळूतली ओल जास्त होती, ती तपासण्याची पद्धत बदलली, हे करेक्टिव्ह अ‍ॅक्शन. कस्टमर दुसरं मागतो आणि आपण पहिलं लिहून पाठवतो, मग रिपोर्ट परत येतो आणि आपल्याला वाटतं, हे लोक उगीच पिडतात.

मनात जरा जरी शंका असली तरी विचारा. तुमच्या ड्रॉइंगप्रमाणे याला रिवर्क म्हणायचं की रिपेअर, आणि ग्राइंडिंग चालेल का, एवढं एका ओळीत विचारलं तर कोणताही शहाणा कस्टमर आनंदाने सांगतो. ते उत्तर लेखी घ्या, आणि त्या हीट नंबरच्या फाइलला लावून ठेवा.