प्रतिकारशक्ती : लढणाऱ्या पेशी आणि आवरणाऱ्या पेशी

करोनाच्या साथीपासून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा उपदेश घरोघरी पोहोचला आहे. काढे, चूर्णे, गोळ्या, सारे काही याच नावाने विकले जाते. मुलांची प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून काय द्यावे, असा प्रश्न पालक आम्हालाही विचारतात. उत्तर देण्यापूर्वी, ही शक्ती नुसती वाढत गेली तर शरीराचे भलेच होते काय, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराचे रक्षण करतात, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्यांपैकी भक्षक पेशी जंतूंना गिळतात, बी-पेशी प्रतिपिंडे तयार करतात आणि टी-पेशी जंतूंनी बाधित झालेल्या पेशी हुडकून त्यांचा नाश करतात. या टी-पेशी छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत परिपक्व होतात. तेथे त्यांची कसोटी लागते. स्वतःच्याच शरीरावर चालून जाणाऱ्या पेशी बाद केल्या जातात. मात्र ही चाळणी पूर्ण बारीक नाही. काही धोकादायक पेशी तीतून निसटतात आणि आयुष्यभर रक्तात फिरत राहतात. मग आपण सारेच आजारी का पडत नाही?

या प्रश्नाचा पाठपुरावा जपानमधील शिमोन साकागुची यांनी चिकाटीने केला. जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाची थायमस ग्रंथी काढली, तर प्रतिकार दुबळा होईल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात त्या उंदरांचा प्रतिकार बेफाम झाला व त्यांच्याच अवयवांवर उलटला. निरोगी उंदराच्या टी-पेशी टोचल्यावर मात्र ते बचावले. म्हणजे टी-पेशींमध्येच इतरांना आवरणारा एक गट असला पाहिजे. अनेक शास्त्रज्ञांनी त्या काळी ही कल्पना सोडून दिली होती. साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या पेशींची ओळख पटवली. त्यांना आज नियामक टी-पेशी म्हणतात.

दुसरा धागा अमेरिकेतला आहे. १९४० च्या दशकात टेनेसी राज्यातील ओक रिज येथील प्रयोगशाळेत काही नर उंदीर खवलेदार त्वचा आणि सुजलेली प्लीहा घेऊन जन्मले. ते काही आठवडेच जगत. त्यांच्याच टी-पेशी त्यांच्या अवयवांचा घास घेत होत्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी यामागचा सदोष जनुक शोधण्याचा चंग बांधला. एक्स गुणसूत्राच्या त्या भागातील वीस संशयित जनुके त्यांनी एकेक करून तपासली. दोष सापडला तो विसाव्या जनुकात. फॉक्सपी-३ हे त्याचे नाव. याच जनुकातील बिघाडाने लहान मुलग्यांना मधुमेह, आतड्यांचा दाह व त्वचारोग एकाच वेळी जडतात, हे त्यांनी २००१ मध्ये दाखवले. नियामक टी-पेशी घडतात त्या याच जनुकाच्या आज्ञेने, हे पुढे दोन वर्षांत स्पष्ट झाले. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता कर्करोगाकडे पाहू. जी आवरशक्ती आपल्याला आमवातापासून वाचवते, तिचाच कर्करोगाची गाठ गैरफायदा घेते. ती आपल्याभोवती नियामक पेशी गोळा करते. शिवाय टी-पेशींच्या पृष्ठभागावर ब्रेकसारखे काम करणारे रेणू असतात. कित्येक कर्कपेशी तेच ब्रेक दाबून ठेवतात. जेम्स अ‍ॅलिसन व तासुकू होंजो यांच्या संशोधनातून हे ब्रेक सोडवणारी औषधे निघाली. त्या दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. काही रुग्णांच्या पसरलेल्या गाठीही या औषधांनी विरल्या. पण ब्रेक सुटलेल्या पेशी निवड करीत नाहीत. काहींची थायरॉइड ग्रंथी, काहींची आतडी त्यांच्या माऱ्यात सापडतात. कर्करोग हटवताना स्वयंप्रतिकार विकार ओढवू शकतो, तो असा.

याच्या उलट गोष्ट आपल्या देशात अधिक जवळची आहे. क्षयाचे जंतू फुप्फुसात शिरले की भक्षक पेशी आणि टी-पेशी त्यांच्याभोवती कडे करतात. जंतू मरत नाहीत, कोंडले जातात. असे कोंडलेले जंतू असंख्य भारतीयांच्या शरीरात आहेत आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. हे कडे टिकवण्यास टीएनएफ नावाचे द्रव्य लागते, आणि सांध्यांना सूज आणणारे द्रव्यही तेच. आमवाताच्या रुग्णास ते रोखणारे इंजेक्शन दिले की सांधे मोकळे होतात. पण कडे सैल पडून जुना क्षय उसळू शकतो. एचआयव्ही हेच कडे मदतनीस टी-पेशी मारून मोडतो. म्हणूनच त्या रुग्णांत क्षय तर आढळतोच, काही विशिष्ट कर्करोगही आढळतात.

तेव्हा चूर्णाच्या डब्याविषयी आमचे मत पालकांच्या ध्यानात आले असेल. लस, पुरेसे जेवण आणि झोप यांवर खर्च करावा. डबा दुकानातच राहू द्यावा. घरात कोणी आमवातावर अशी इंजेक्शने घेणार असेल, तर आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाची चाचणी झाली आहे ना, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. पूर्वी क्षय झाला असल्यास, किंवा घरात कोणाला झाला असल्यास, तेही संकोच न करता सांगावे. उपचार सुरू असताना दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप किंवा वजनात घट दिसली, तर पुढची मात्रा घेण्याआधी डॉक्टरांना गाठावे.